मे महिन्यात घेतलेली मोजणी: नागपुरातील एका सरकारी डेटा सेंटरचे मूल्यमापन आणि नूतनीकरण

सिव्हिल लाइन्समधल्या एका विभागीय सरकारी कार्यालयाचे हे डेटा सेंटर. पहिला मजला, वर थेट गच्ची, सुमारे ८४ चौरस मीटरची खोली, १४ रॅक (सर्व्हर बसवण्याची उभी कपाटे) आणि शेजारी यूपीएस-बॅटरीची छोटी खोली. तक्रार एकच होती: एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत दुपारी सर्व्हर आपोआप बंद पडतात. त्यावर मंजुरीसाठी तयार झालेल्या प्रस्तावात ८० केव्हीएच्या दोन यूपीएसऐवजी १६० केव्हीएचे दोन आणि चार प्रिसिजन एसींच्या (तापमान आणि ओलावा दोन्ही राखणाऱ्या एसींच्या) जागी आठ मागितले होते. मोजणीनंतर मात्र निम्म्याहून कमी यंत्रणा पुरेल असे दिसले.

कार्यालयाचे नाव दिलेले नाही. अशा सर्व्हर रूममध्ये वारंवार आढळणारी स्थिती एकत्र करून हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे, आणि त्यातले किलोवॅट व टन वाचकाला स्वतः ताळा घेता येईल अशा रीतीने दिले आहेत.

प्रस्ताव दुप्पट का झाला

विद्युत शाखेने अंदाजपत्रक नेमप्लेटवरून केले होते. ६२ सर्व्हर, प्रत्येकाच्या पॉवर सप्लायवर ७५० वॅट छापलेले, म्हणजे ४६.५ किलोवॅट. त्यात स्टोरेज आणि नेटवर्क मिळवून साठ, आणि 'पुढची वाढ' धरून शंभराच्या वर. छापील आकडा ही पॉवर सप्लायची कमाल क्षमता असते. सर्व्हर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतो, आणि नुसता चालू असलेला जुना सर्व्हर त्याहूनही कमी.

पॉवर ॲनालायझर लावून यूपीएसच्या आउटपुटवर सात दिवस नोंद घेतली. सात दिवस अशासाठी की रात्रीचा बॅकअप आणि शनिवार-रविवारचा उतार दोन्ही त्यात यावेत. सर्वाधिक भार ३१ किलोवॅट निघाला. समांतर चालणारे दोन्ही यूपीएस १५.५-१५.५ किलोवॅट उचलत होते, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएचे किलोवॅट करण्याचा गुणक) ६४ किलोवॅट क्षमतेच्या प्रत्येक यंत्रावर जेमतेम २४ टक्के भार. जुना ट्रान्सफॉर्मरवाला यूपीएस इतक्या कमी भारावर ८४ टक्क्यांच्या आसपासच कार्यक्षम राहतो, त्यामुळे ३१ किलोवॅट देण्यासाठी तो ३७ घेत होता. १६० केव्हीएचे यूपीएस आणले असते तर हा भार १२ टक्क्यांवर आला असता आणि अपव्यय आणखी वाढला असता.

चार एसी ३६ किलोवॅट घेत होते, दिवे वगैरे २. मेन पॅनेलवर एकूण ७५ किलोवॅट. ७५ भागिले ३१ म्हणजे पीयूई (एकूण विजेचे संगणकांच्या विजेशी गुणोत्तर) २.४: संगणकाला लागणाऱ्या प्रत्येक युनिटमागे जवळपास दीड युनिट इतरत्र जात होते.

२८ टन असूनही उकाडा

खोलीतली उष्णता मोजू. उपकरणे ३१ किलोवॅट. गच्चीचा उघडा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत मिळून मेमधल्या दुपारी सुमारे ७. दिवे आणि माणसे १. एकूण ३९ किलोवॅट, म्हणजे ११ टन (थंडाव्याचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट). बसवलेली क्षमता ७ टनांची चार यंत्रे, २८ टन. अडीचपट क्षमता असूनही वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी ३४ अंश तापमान होते. ही विसंगती सुटेपर्यंत नवीन एसीबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

पहिले कारण गच्चीवर होते. चारही आउटडोअर युनिटे पॅरापेट भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर एका ओळीत बसवलेली. बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून पुन्हा आत खेचली जात होती. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, पण हवामान खात्याचे तापमान सावलीतले असते. गच्चीवर दुपारी तीनला, खात्याचा आकडा ४५ असताना, कंडेन्सरच्या (आउटडोअर युनिटमधल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) तोंडाशी ५३ अंश मोजले गेले. ही यंत्रे ३५ अंश बाह्य तापमान धरून निवडलेली. ५३ ला गॅसचा दाब वाढून हाय-प्रेशर कटआउट (संरक्षक स्विच) पडतो. तो हाताने रीसेट करावा लागतो, म्हणजे ऑपरेटर गच्चीवर जाईपर्यंत एक एसी बंद. तेवढ्यात उरलेल्यांवर भार वाढून दुसराही पडतो.

दुसरे कारण खोलीत. सगळ्या रॅकची तोंडे एकाच दिशेला, त्यामुळे पहिल्या ओळीची गरम हवा दुसऱ्या ओळीच्या तोंडात. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनेल (झाकणपट्ट्या) नाहीत. रेझ्ड फ्लोअर (उचललेली फरशी, जिच्याखालून थंड हवा येते) ४५० मिलिमीटरचा, पण त्यातली निम्मी उंची बंद पडलेल्या जुन्या केबलींनी भरलेली. छिद्रांच्या फरश्या कुणीतरी सोयीसाठी रॅकच्या मागे हलवलेल्या. थंड हवा तयार होत होती, पण सर्व्हरपर्यंत न पोहोचता एसीकडे परत जात होती.

तिसरे कारण खास इथले. उकाडा वाढला की नागपुरात पहिला उपाय कूलर, आणि तो सर्व्हर रूमच्या दारातही लावलेला होता. मेमध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी असते की कूलर तापमान झपाट्याने उतरवतो, पण त्याबरोबर ओलावा आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आत आणतो. दाराजवळचे दोन एसी तो ओलावा काढत होते, लांबचे दोन हवा कोरडी समजून ह्युमिडिफायर चालवत होते, आणि ओलावा काढताना हवा अति गार होऊ नये म्हणून हीटरही लागत होते. ३६ किलोवॅटमधला मोठा भाग या झटापटीत जात होता.

एसीच्या सेन्सरवर विसंबून यातले काहीच कळले नसते. कॅलिब्रेट केलेल्या थर्मामीटरशी ताडून पाहिल्यावर दोन यंत्रांचे सेन्सर ३ ते ४ अंशांनी चुकलेले निघाले. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरचा दोष ठरला, हे नागपूरकरांना आठवत असेल. मूल्यमापनात प्रत्येक रॅकसमोर खाली, मध्ये आणि वर असे तीन बिंदू स्वतंत्र उपकरणाने मोजावेत. अशराई ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था १८ ते २७ अंश सुचवते, ते सर्व्हरच्या तोंडाशी; खोलीच्या मधोमध टांगलेल्या काट्याचा त्याच्याशी संबंध नाही.

बॅटरी, अर्थिंग, डिझेल

प्रत्येक यूपीएसला १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचे ३२ ब्लॉक, कागदावर ३० मिनिटे. प्रत्यक्ष डिस्चार्ज चाचणीत चार मिनिटे निघाली. बॅटरीच्या खोलीत एसी नव्हता आणि तिथे ३९ अंश होते. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना साधारण निम्मे होते, तेव्हा पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपणे स्वाभाविक होते. ब्लॉक एकामागोमाग जोडलेले असल्याने एक उघडा पडला तरी पूर्ण संच बाद. दर तिमाहीला इम्पीडन्स (बॅटरीचा आतला रोध) मोजणे आणि क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली की बदलणे, हे देखभाल करारात स्वच्छ लिहिले पाहिजे. 'बॅटरी तपासली' या नोंदीला किंमत नाही.

इथली माती काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थ-पिटभोवतीची (अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याभोवतीची) पकड सुटते आणि रोध वाढतो. ऑगस्टच्या चाचणी अहवालात १ ओहम असलेला पिट मेमध्ये ७ ओहम निघाला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला ६ व्होल्टचा फरक मात्र वेगळ्या दोषाचा होता: असमान फेज, संगणकांचा हार्मोनिक (विकृत लहरींचा) प्रवाह आणि न्यूट्रलची बारीक तार. हा फरक २ व्होल्टच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. दोन्ही दोष एकच समजून नुसते पिट भरले की पैसा जातो आणि व्होल्टेज तसेच राहते.

मुख्य एलटी (कमी दाबाच्या विजेचे) पॅनेल तळमजल्यावर, जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि सीताबर्डीपर्यंत पाणी शिरले. तेव्हापासून पॅनेलची उंची हा मूल्यमापनाचा वेगळा मुद्दा असायलाच हवा. इथे पॅनेल ९० सेंटिमीटरच्या ओट्यावर घेतले.

जनरेटर १६० केव्हीएचा, टाकी ९९० लिटरची. ही टाकी अशीच असण्याला कारण आहे: डिझेल विनापरवाना एकूण २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते, पण एका पात्रात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही. ७५ किलोवॅटला ताशी सुमारे २१ लिटर, म्हणजे ४७ तासांचा साठा. वीज जाऊन जनरेटर भार घेईपर्यंत १५ सेकंद लागत, पण एसीचे कॉम्प्रेसर तीन मिनिटांनी सुरू होत. खोलीतली हवा सुमारे २५० घनमीटर. नुसत्या हवेचा हिशेब केला तर ३१ किलोवॅट उष्णता दर १० सेकंदांना तिचे तापमान १ अंशाने वाढवते. भिंती आणि लोखंड उष्णता शोषून घेतात म्हणून प्रत्यक्ष वेग कमी असतो, तरी ती तीन मिनिटे धोक्याचीच.

चालू काय आहे, आणि कुणासाठी

सर्वांत जास्त वेळ याच कामाला लागला. जडसंग्रह नोंदवहीत ७१ सर्व्हर, रॅकमध्ये ६२. त्यातल्या १३ सर्व्हरचा मालक कोण, हे कोणत्याच शाखेला सांगता येईना. प्रत्येक सर्व्हरपुढे पाच रकाने भरले: कोणते ॲप्लिकेशन, कोणती शाखा, कोणता अधिकारी, शेवटचे लॉगिन, आणि बंद पडल्यास किती तासांत बोंब होईल. पाचवा रकाना शाखाप्रमुखाच्या सहीने भरून घ्यावा. तांत्रिक कर्मचाऱ्याने भरला तर सगळेच 'अत्यावश्यक' होते.

मालक न सापडलेल्या १३ सर्व्हरची वीज बंद करू नये. वर्षानुवर्षे फिरणारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच असे नाही. आधी पूर्ण प्रतिमा (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यायची, मग फक्त नेटवर्क पोर्ट बंद करायचा आणि थांबायचे. महिनाभर थांबल्याने वेतन देयकाचे चक्र पार पडते, पण बहुतेक राज्य कर्मचाऱ्यांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला आणि हिशेब ३१ मार्चला. वर्षातून एकदाच लागणारा सर्व्हर महिन्याभरात ओळखू येत नाही. म्हणून प्रतिमा पूर्ण एक आर्थिक वर्ष जपायची. त्या १३ पैकी दोघांची विचारणा झाली, आणि त्यातली एक जुलैमध्ये.

ऑपरेटिंग सिस्टिम पाहता २३ सर्व्हर विंडोज सर्व्हर २००८ आर२ किंवा २०१२ आर२ वर होते. पहिल्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये आणि दुसऱ्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमित स्वरूपात थांबले. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच ठेवणे, घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवणे आणि घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. इथे नऊ सर्व्हरची घड्याळे मिनिटांनी पुढे-मागे होती. अशा लॉगवरून घटनांचा क्रम लागत नाही.

४१ ॲप्लिकेशनचा निर्णय असा झाला: ११ बंद, १४ सरकारी क्लाउडवर, १३ इथेच व्हर्च्युअल मशिनवर (एका सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक आभासी सर्व्हरवर), ३ स्वतंत्र सर्व्हरवर. क्लाउडवर काय जाऊ नये याचा निकष एका वाक्याचा होता: बाहेरची लिंक तुटली तरी खिडकीवरच्या नागरिकाचे जे काम चाललेच पाहिजे, ते इथे. स्कॅन केलेल्या अभिलेखांचे ४० टेराबाइट त्यामुळे इथेच राहिले. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या शहरातल्या सरकारी केंद्रात हवी होती. १०० एमबीपीएसच्या पूर्ण लिंकवर ४० टेराबाइटला ३७ दिवस लागतात, आणि कार्यालयाचे काम सांभाळून त्याच्या दुप्पट. पहिली प्रत एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, पंचनामा करून, प्रत्यक्ष नेली. पुढचे रोजचे बदल लिंकवरून.

मराठी डेटाचे स्थलांतर

या विषयाला निविदेत एकही ओळ नसते आणि काम अडते ते इथेच. जुन्या दोन ॲप्लिकेशनमधली नावे, गावे आणि शेरे डीव्हीबी-टीटीसुरेख फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. डेटाबेसमध्ये मराठी नव्हतेच. तिथे रोमन आणि इतर चिन्हांची मालिका होती, जी फक्त तो फॉन्ट लावल्यावर मराठी दिसते. नव्या युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारे मानक) डेटाबेसमध्ये ती जशीच्या तशी चढली की ना शोध लागतो, ना क्रम.

रूपांतराची अडचण अशी की त्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'हिंगणा'मधली वेलांटी ह-च्या आधी, 'वर्धा'मधला रफार ध-च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. त्यात एकाच रकान्यात मराठी आणि इंग्रजी मिसळलेले: भूखंड क्रमांकातले 'ए-१२' रोमन लिपीत असले की रूपांतरक त्याचेही मराठी अक्षर करून टाकतो. म्हणून आधी रकान्यानुसार, मग नोंदीनुसार खूण करून घ्यावी लागली.

रूपांतर झाल्यावरही दोन सापळे राहतात. 'ऱ्य', 'ऱ्ह' हे दोन पद्धतींनी लिहिले जातात: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा पाय मोडलेल्या साध्या र-नंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात वेगळे. एका पद्धतीतल्या 'गोऱ्हे'ला दुसऱ्या पद्धतीने शोधले तर नोंद नाही असे उत्तर येते, आणि समोरच्या माणसाला त्याचा अर्ज सापडत नाही असे सांगितले जाते. 'ॲ'चेही तसेच: स्वतंत्र अक्षर, किंवा अ-वर चंद्र. सगळा डेटा आणि शोधाच्या चौकटीत टाइप होणारा मजकूर, दोन्ही एकाच रूपात आणणारा नियम ॲप्लिकेशनमध्ये घालावाच लागतो.

तपासणीसाठी विभागाच्या सहाही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्याची नोंदसंख्या आधी आणि नंतर जुळवली, आणि वेलांटी, रफार, ऱ्ह, ळ, क्ष असलेल्या नावांचा वेगळा नमुना काढून तो मराठी वाचणाऱ्या लिपिकांकडून वाचून घेतला. संख्या जुळली म्हणजे नावे बरोबर आहेत असे नाही. हा खर्च वाचवू नये.

काय बसवले

एकत्रीकरणानंतर आठ व्हर्च्युअलायझेशन होस्ट ५.२ किलोवॅट, स्टोरेज २.४, नेटवर्क आणि सुरक्षा २.४, राहिलेले नऊ स्वतंत्र सर्व्हर ३. एकूण १३ किलोवॅट, सहा रॅक.

यूपीएस मॉड्युलर (गरजेप्रमाणे सुटे भाग घालून क्षमता वाढवता येणारे), ३० किलोवॅटच्या दोन चौकटी, प्रत्येकीत १० किलोवॅटची दोन मॉड्यूल आणि तिसऱ्याची जागा मोकळी. समांतर न जोडता ए आणि बी असे स्वतंत्र मार्ग, प्रत्येक सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय एकावर आणि दुसरा दुसऱ्यावर. जोडताना नेहमी होणारी चूक म्हणजे दोन्ही प्लग एकाच पट्टीत. ए-च्या केबली निळ्या आणि बी-च्या लाल ठेवल्या की चूक लांबूनही दिसते. बॅटरीच्या खोलीला दीड टनाचे दोन स्प्लिट एसी, आळीपाळीने.

एसी इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे, ५ टनांचे तीन, ५० अंश बाह्य तापमानासाठी निवडलेले. ४८ अंशांना एकाची क्षमता १७.६ वरून साधारण १५ किलोवॅटवर येते. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि पांढरा लेप दिल्यावर खोलीची एकूण उष्णता १५ किलोवॅट आहे, म्हणजे एकटा एसीही वेळ निभावतो. दोन अर्ध्या वेगाने चालतात, तिसरा राखीव. आउटडोअर युनिटे मोकळ्या बाजूला, चहूकडे १.२ मीटर जागा सोडून, ६० सेंटिमीटरच्या स्टँडवर. कंडेन्सरवर पाणी फवारण्याची सूचना आली होती, ती नाकारली: जड पाण्याने पंख्यांमागच्या जाळीवर क्षार चढून दुसऱ्याच उन्हाळ्यात क्षमता उतरते. त्याऐवजी फेब्रुवारीत आणि एप्रिलअखेर जाळी धुणे करारात घातले. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रे आहेत, धूळ बारीक आहे, तेव्हा आतले फिल्टरही महिन्याला पाहावेत.

जुन्या डिस्क निर्लेखनात जशाच्या तशा देऊ नयेत. आधी समितीसमोर भोके पाडून नष्ट करणे, मग २०२२ च्या ई-कचरा नियमांखालील नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सुपूर्त करणे. बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, तेही २०२२ चेच.

वेळापत्रक आणि स्वीकृती

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, त्या काळात शटडाउन मागू नये. मार्चमध्ये कोषागाराची गर्दी, एप्रिल-मेमध्ये उन्हाळा. जून ते सप्टेंबर गच्चीचे काम नको. उरतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. पहिल्या टप्प्यात वीज आणि गच्ची, दुसऱ्यात एसी आणि स्थलांतर, प्रत्येक बदल शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून रविवारी दुपारपर्यंत परतीचा रस्ता खुला ठेवून.

निविदेतली सर्वांत उपयोगी अट देयकाची ठरली. थंडीत बसवलेला एसी थंडीतच स्वीकारला तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून १० टक्के रक्कम १५ मे ते १० जून या काळातल्या चाचणीपर्यंत राखून ठेवली: दुपारी दोन ते सहा, एक एसी आणि ए मार्ग मुद्दाम बंद, भार जनरेटरवर. उत्तीर्ण होण्याची अट: कोणत्याही रॅकच्या तोंडाशी २७ अंशांच्या वर नाही आणि एकही सर्व्हर बंद नाही. पहिल्या चाचणीत २६.१ अंश आले, पण दोन सर्व्हर बंद पडले; दोघांचेही दोन्ही प्लग ए मार्गावर होते. प्लग दुरुस्त करून चाचणी पूर्ण पुन्हा घेतली. मेन पॅनेलवर आता २० किलोवॅट येतात, पीयूई १.५४.

भार उतरल्याने एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. १६० केव्हीएच्या जनरेटरवर २० किलोवॅट म्हणजे १६ टक्के. डिझेल इंजिन ३० टक्क्यांच्या खाली सतत चालले की इंधन पुरते जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काजळी-तेल साचते. अभिलेख कक्षाचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप याच जनरेटरवर घेण्याचे काम सुरू आहे, आणि वर्षातून एकदा भाड्याच्या लोड बँकवर (कृत्रिम भार देणाऱ्या यंत्रावर) चार तास चालवण्याची तरतूद केली आहे. दुसरे बाकी काम फायबरचे. दोन कंपन्यांच्या दोन लिंक आहेत, पण इमारतीबाहेर दोन्ही एकाच चरातून जातात. सिमेंट रस्त्याच्या एका खोदकामात दोन्ही तुटू शकतात. दुसरी लिंक मागच्या फाटकाकडून आणण्यासाठी रस्ता खोदण्याची परवानगी मागितली आहे.